मुंबईत चार रात्री, सात माणसं: हॉटेल की सर्व्हिस्ड अपार्टमेंट?

रंकाळा_काठी

नमस्कार मंडळी,

नाताळच्या सुट्टीत कोल्हापूरहून मुंबईला यायचं घाटतंय. सासू-सासरे, आम्ही दोघं, मुलगी (वय ९), मुलगा (वय ४) आणि बंगळुरूहून परस्पर येणारी नणंद. चार रात्री. डोंबिवलीला मावशी आहे, "घर असताना हॉटेलात?" म्हणून ती रुसणार हे नक्की. पण तिच्या वन रूम किचनमध्ये सात माणसं नेऊन टाकायची आणि रोज तिथून लोकलने मुंबई गाठायची, हे आम्हालाही नको आणि तिलाही झेपायचं नाही.

सासऱ्यांची पंच्याहत्तरी आहे, त्यामुळे यंदा हात जरा सैल सोडायचं ठरवलंय. नवरा म्हणतो, चांगल्या पंचतारांकित हॉटेलात तीन खोल्या घेऊ. नणंद म्हणते, त्यापेक्षा लक्झरी सर्व्हिस्ड अपार्टमेंट घेऊ, हॉल-किचनसकट. सासऱ्यांना मधुमेह आहे, पहाटे पाचला चहा आणि रात्री साडेसातला जेवण लागतं. धाकटा साडेआठला झोपतो. हॉटेलच्या खोलीत मग आम्ही दिवे घालवून मोबाइलच्या उजेडात कुजबुजत बसतो, ते एक नको झालंय.

राणीची बाग, गेटवे, म्युझियम आणि जमलं तर एक नाटक एवढंच डोक्यात आहे. कुठल्या भागात राहावं आणि दोन्हींपैकी काय घ्यावं?

सातरस्ता

आधी भाग ठरवा. नाहीतर खोली राजेशाही आणि निम्मी सुट्टी टॅक्सीत, अशी गत होते.

हॉटेल कंपन्या स्वतः चालवतात अशी अपार्टमेंट मुंबईत मोजकीच आहेत. कुलाब्यात ताजचं वेलिंग्टन म्यूज, सांताक्रूझ पूर्वेला ग्रँड हयातच्या आवारातल्या रेसिडेन्सेस, पवईला तलावाकाठी मॅरियटची एक्झिक्युटिव्ह अपार्टमेंट्स. कुलाबा मिळालं तर प्रश्नच नाही, गेटवे नि म्युझियम हाताशी.

सांताक्रूझला राहून गेटवे बघा असं पूर्वी कुणाला सांगितलं असतं तर शिव्या बसल्या असत्या. पण ऑक्टोबर २०२५ मध्ये मेट्रो ३ कफ परेडपर्यंत पूर्ण झाली आणि हिशेबच बदलला. आरे ते कफ परेड साडेतेहतीस किलोमीटर, सगळ्यात लांबचं तिकीट ७० रुपये. हुतात्मा चौक स्टेशनला उतरा, काळा घोडा आणि म्युझियम पायी. नेहरू विज्ञान केंद्राला सायन्स सेंटर नावाचं स्टेशनच दिलंय. शिवाजी मंदिर नाट्यगृह दादर मेट्रोपासून चालत जाण्यासारखं आहे. शेवटची गाडी मात्र रात्री साडेदहाच्या सुमारास, तेव्हा नाटक लांबलं तर टॅक्सी धरा.

पवई देखणी आहे, मुलांना तलाव आवडेल, पण तुमच्या यादीतलं काहीच तिथून जवळ नाही. संध्याकाळी जेव्हीएलआरवर (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड) अडकलात की सासऱ्यांचं साडेसातचं जेवण विसरा.

राणीची बाग बुधवारी बंद असते. घारापुरीचा बेत निघाला तर तिथे सोमवारी सुट्टी.

उगाच_एक

मी नवरोबांच्या बाजूचा. सुट्टीवर जायचं आणि तिथे किचन घ्यायचं, हा कसला सोस? हॉटेलात सकाळी खाली उतरलं की इडलीपासून ऑम्लेटपर्यंत सगळं मांडलेलं. मुलं दोन तास खातात, दुपारचं जेवण आपोआप हलकं होतं. अपार्टमेंटमध्ये सकाळी आठला प्रश्न सुरू: दूध आणलं का, पाव आहे का, साखर कुठंय. आणि हे प्रश्न कुणाला विचारले जातात ते मी सांगायला नको.

पार्लेकरीण

उगाच_एक, पहिल्यांदाच तुमच्याशी सहमत आहे, पण अर्धीच.

घराची डागडुजी चालू असताना आम्ही सासूबाईंसकट अशा एका अपार्टमेंटमध्ये राहिलो होतो. चांगलं, महागातलं होतं. किचन चकाचक. शेगडी इंडक्शनची. मी घरून ॲल्युमिनियमचा कुकर नेलेला, तो त्यावर तापेचना. इंडक्शनला चुंबक चिकटेल अशा बुडाचंच भांडं लागतं. तिथल्या कपाटात वाइनचे ग्लास सहा, पण पोळपाट-लाटणं नाही, चहाची गाळणी नाही, आणि पातेलं असं की दोन कप दूध उतू जावं. सासूबाईंनी दुसऱ्या दिवशी खालून गाळणी विकत आणवली तेव्हा कुठे त्यांच्या जिवाला स्वस्थता आली.

तरीही मी तुम्हाला अपार्टमेंटच सांगेन. ते स्वयंपाकासाठी नाही, बंद होणाऱ्या दारासाठी. धाकटा आत झोपला की दार लोटून घ्यायचं आणि बाहेर हॉलमध्ये दिवा लावून माणसांसारख्या गप्पा मारायच्या. शिवाय सात माणसं सकाळी एका टेबलाशी बसतात. हॉटेलात तीन खोल्या घेतल्या की अर्धा वेळ "तुम्ही उठलात का, आम्ही खाली जातोय" असे फोन करण्यात जातो. आजोबांची पहाट आणि नणंदेची झोप एका छपराखाली नांदवायची तर भिंती मध्ये हव्यात.

किचन फक्त पहाटेचा चहा, दूध गरम करणं, दहीभात आणि औषधांसाठीचा फ्रिज एवढ्यापुरतं. रात्रीच्या जेवणाचं सोपं आहे, पोळीभाजी केंद्र. पार्ल्यात, दादरला ढिगाने आहेत. संध्याकाळी गरम पोळ्या, एक पालेभाजी, एक उसळ, आमटी घेऊन या. साडेसातला आजोबांचं ताट वाढलेलं. तुम्ही बाकीचे मग खुशाल नऊला बाहेर जेवा. एवढं साधं जेवण पंचतारांकित हॉटेलात मागून बघा, भाजीत काजूची ग्रेव्ही येते.

हिशोबनीस

कराचं कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो.

जीएसटी खोलीच्या एका रात्रीच्या दरावर ठरतो. ७,५०० रुपयांपर्यंत ५ टक्के (सप्टेंबर २०२५ आधी १२ होता), त्याच्या वर १८ टक्के. अपार्टमेंट हे एकच युनिट धरतात, त्यात बेडरूम कितीही असोत. म्हणजे ७,४०० च्या दोन खोल्या घेतल्या तर १४,८०० वर कर ७४० रुपये. तेवढ्याच, १४,८०० च्या, टू बीएचकेवर कर २,६६४. रात्रीला १,९२४ चा फरक. मधल्या दर्जाच्या ठिकाणी हे बघायलाच हवं. तुम्ही म्हणता त्या पंचतारांकित पातळीवर हॉटेलची प्रत्येक खोलीही ७,५०० च्या वरच जाणार, तिथे दोन्हीकडे १८.

तुलना करताना नुसता खोलीचा दर बघू नका. हॉटेलच्या दरात नाश्ता आहे का, सातांचा की प्रत्येक खोलीत दोघांचाच? नऊ वर्षांच्या मुलीला जादा गादीचे पैसे लावतात का? अपार्टमेंटला नाश्ता बहुतेक वेळा वेगळा असतो आणि डिपॉझिट मागतात, ते कार्डावर अडकून राहतं. हे सगळं करासकट लिहून मागवा आणि मग दोन्ही आकडे शेजारी ठेवा. महागड्या हॉटेलातल्या रेस्टॉरंटमध्येही जेवणावर १८ टक्के लागू शकतो, बाहेर साध्या ठिकाणी ५. सात जणांच्या रोजच्या जेवणात तो दिसतो.

ड्युटी_मॅनेजर

याच धंद्यात आहे, पण कुणाची जाहिरात करत नाही.

"सर्व्हिस्ड अपार्टमेंट" ही पाटी कुणीही लावतं, गोंधळ तिथून सुरू होतो. सातरस्ता यांनी सांगितली ती हॉटेल कंपनीची: रात्री तीनलाही खाली माणूस जागा, नळ गळला तर दहा मिनिटांत प्लंबर. दुसरी, एखादा चालक पूर्ण इमारत किंवा काही मजले घेऊन चालवतो ती. चांगलीही असतात, पण संध्याकाळनंतर एक केअरटेकर आणि त्याचा मोबाइल नंबर एवढाच आधार. तिसरी म्हणजे हाउसिंग सोसायटीतला कुणाचा तरी रिकामा फ्लॅट, गाद्या-उशा घालून दिवसावर दिलेला. फोटो तिन्हींचे सारखेच दिसतात! तिसऱ्या प्रकारात सोसायटीची परवानगी नसेल तर वॉचमन तुम्हाला बॅगांसकट गेटवर उभं करतो, आणि मालक फोनवर सांगतो, "पाहुणे आहोत म्हणून सांगा." पंच्याहत्तरीच्या माणसाला ही वेळ आणू नका.

ओळखायचं कसं? बिल कुणाच्या नावाचं देणार ते विचारा आणि जीएसटी क्रमांक मागा. महाराष्ट्रातला क्रमांक २७ ने सुरू होतो, जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकला की नाव समोर येतं. नंबर द्यायला टाळाटाळ झाली की पुढे बोलू नका. उलट ओळखपत्रं सगळ्या मोठ्यांची मागणारच. आधार द्यायचं तर शेवटचे चार आकडे दिसतील असं मास्क्ड आधार द्या. सोबत परदेशी पासपोर्टवालं कुणी असेल तर त्यांची नोंद २४ तासांत करणं हे ठिकाण चालवणाऱ्याचं काम असतं. चालवणारा "त्याची काही गरज नाही" म्हणाला तर समजून जा.

हाउसकीपिंग रोज आहे की दिवसाआड, हे विचारा. आणि भांडी! झाडू-पोछा, चादरी, टॉवेल हे सेवेत असतं, खरकटी भांडी बऱ्याच ठिकाणी नसतात किंवा वेगळे पैसे पडतात. मांसाहार शिजवायला बंदी असलेल्या इमारतीही मुंबईत आहेत, तेही आधी विचारा.

तुम्ही महालक्ष्मी एक्स्प्रेसने येणार असाल तर सकाळीच मुंबईत पोचाल. खोली मिळणार दुपारी दोन-तीनला. हॉटेलात सामान ठेवून, तोंड धुऊन बाहेर पडता येतं. केअरटेकरवाल्या जागेत आधीचे पाहुणे बारापर्यंत हलत नाहीत. लवकर चेक-इनचं तोंडी आश्वासन नको, मेल मागा.

आणि हॉटेलच घेतलंत तर कनेक्टिंग खोल्या मागा, मध्ये दार असलेल्या. "रिक्वेस्ट नोंदवली" म्हणजे काहीच नाही, "कन्फर्म्ड" लिहून आलं पाहिजे.

रंकाळा_काठी

बाप रे, केवढी माहिती! सगळ्यांचे आभार.

काल जेवताना विषय काढला. सासूबाई खूश, म्हणाल्या, "किचन असलं तर मी येताना भडंग, तांबडा मसाला आणि तांदळाचं पीठ घेऊनच येते, भाकरी टाकीन." यावर नणंद फोनवरून जी कडाडली! "आईला तिथेही ओट्याशी उभं करायचं असेल तर मी येतच नाही." सासरे दोघींचं ऐकून म्हणाले, मला चहा कोण देणार तेवढं ठरवा.

एक शंका. सात जणांना टू बीएचके पुरेल? थ्री बीएचके फार वर जातंय.

ड्युटी_मॅनेजर

टू बीएचकेला बहुधा चार मोठे आणि वर एक-दोन मुलं अशी मर्यादा असते. तुमचे मोठे पाच. गुपचूप पाचवं माणूस घुसवू नका, खाली नोंद होते. सोफा-कम-बेडवर कुणाला टाकायचं तर ते तिथल्या नियमात बसतं का बघा, आणि पाठीचं दुखणं असलेल्याला अजिबात टाकू नका.

जिथे अपार्टमेंट आणि हॉटेल एकाच आवारात आहे तिथे दोन बेडरूमचं अपार्टमेंट आणि नणंदेसाठी हॉटेलची एक खोली, असं जुळवा. बऱ्याचदा थ्री बीएचकेपेक्षा स्वस्त पडतं. त्या खोलीवर नाश्ता दोघांचा असेल तर तिचा आणि सासऱ्यांचा सकाळचा प्रश्नही सुटला.

पार्लेकरीण

हेच करा. नणंदेला नऊपर्यंत झोपू द्या.

सासूबाईंचं म्हणाल तर भडंग आणू देत, मसाला घरीच ठेवायला सांगा. हिशोबनीसांचा नाइलाज आहे, पण भाकऱ्यांवर कुठला कर लावायचा ते त्यांनाही सापडणार नाही. आणि मावशीला एक दिवस तिथेच बोलवा ना, हॉल आहे तुमच्याकडे. फक्त भेटायला येणाऱ्याचंही ओळखपत्र खाली बघतात, हे तिला आधी सांगून ठेवा.

उगाच_एक

नाश्ता मी म्हणालो होतो तोच अखेर जिंकला. नोंद असावी.

हिशोबनीस

नाताळ ते ३१ डिसेंबर या दिवसांत रद्द करण्याच्या अटी वेगळ्या असतात, बुकिंग करताना बारीक अक्षर वाचा. ३१ ची रात्र घेतलीत तर काही हॉटेलं गाला डिनर सक्तीने गळ्यात मारतात, माणशी. तारखा काय धरताय?

रंकाळा_काठी

२६ ते ३०. सांताक्रूझच्या बाजूला दोन बेडरूम आणि नणंदेला एक खोली, असं विचारून मेल टाकलाय. लवकर चेक-इन, भांडी, पाहुण्यांची मर्यादा, गाळणी, सगळं त्यात लिहिलंय. उत्तर आलं की इथेच टाकते.