शब्दचर्चा : हिंदीतली ‘पेशी’, मराठीतला ‘स्नायू’

पारिजात :
हृदयरुग्णांसाठीच्या एका हिंदी पुस्तिकेचं मराठी करतेय. ‘हृदय की पेशी’चं मी घाईत ‘हृदयाची पेशी’ केलं. मुद्रितं तपासणाऱ्या बाईंनी समासात लिहिलं, ‘कोणती पेशी?’ त्यांचं बरोबरच होतं. हिंदीतली पेशी म्हणजे आपला स्नायू, आणि आपली पेशी म्हणजे त्यांची कोशिका. तेवढं दुरुस्त केलं. पण पुढे स्नायूंचे तीन प्रकार आहेत : कंकाल पेशी, चिकनी पेशी, हृद् पेशी. ‘चिकनी’ला काय लिहू? ‘गुळगुळीत स्नायू’ कानाला पटत नाही.

जुनी वही :
आम्ही शाळेत ऐच्छिक, अनैच्छिक आणि हृदयाचे असे शिकलो. तेच लिहा. हातपाय आपल्या हुकमात, आतडं नाही, एवढं रुग्णाला कळलं की झालं.

टाचण :
ऐच्छिक हा शब्द फसवतो. श्वासपटल ‘ऐच्छिक’ स्नायूंत मोडतं, पण झोपेतही चालू असतं. अन्ननलिकेच्या वरच्या भागातला स्नायूही त्याच जातीचा, तरी घास तिथे पोचला की तुम्हाला तो थोपवता येत नाही. रेखित-अरेखित म्हणा, ‘चिकनी’ला अरेखित. सूक्ष्मदर्शकाखाली आडव्या रेघा दिसतात की नाही, एवढाच त्याचा अर्थ. हृदयाचा स्नायू रेखित असूनही आपल्या इच्छेबाहेर चालतो, शिवाय त्याच्या पेशींना फांद्या असतात, म्हणून त्याचा वर्ग वेगळा.

काढाचूर्ण :
मुळात आपण दोन्ही शब्द भलत्या जागी बसवलेत. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात पेशी 500 आणि स्नायू 900 सांगितलेत. तिथे पेशी म्हणजे मांसाचे गोळे, आणि स्नायू म्हणजे सांधे बांधून ठेवणाऱ्या दोऱ्या. दृष्टांत नावेचा आहे : फळ्या बऱ्याच दोरांनी घट्ट बांधल्या की नाव पाण्यात भार पेलते, तसं शरीर स्नायूंनी बांधलेलं आहे. हिंदीने पेशी जपली, आपण घालवली. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

जुनी वही :
मग रक्तपेशी, पेशीविभाजन सगळं पुसायचं? लाखो मुलं हेच शब्द शिकून मोठी झाली. शब्द रुळला की तो त्या भाषेचा.

मकरपुरा :
आमच्या बडोद्यात गुजरातीतही स्नायु म्हणजे मराठीतलाच अर्थ. पण बंगाली शेजारीण एकदा म्हणाली, बाबांना स्नायूचा त्रास आहे. मी मालिशचं तेल घेऊन गेले. त्यांना मेंदू-मज्जातंतूंच्या डॉक्टरांकडे नेत होते! बंगालीत स्नायु म्हणजे मज्जातंतू.

मीठभाकर :
काढाचूर्ण, तुमचा स्नायू मी परवाच सुरीने सोलला. कोंबडीचा पेठा, म्हणजे दाणे दळणारं जठर, साफ करताना आतली पिवळी साल ओढून काढली की गडद लाल, घट्ट गर राहतो, आणि बाहेरून एक रुपेरी पांढरा पट्टा. तो पट्टा म्हणजे तुमचा स्नायू; कितीही शिजवा, दाताखाली चिवटच. लाल गर आहे तो अरेखित. मटणाची मांडी शिजली की धागे सुटतात, पेठ्याचे तसे सुटत नाहीत. मुलीला दहावीला मी हे ओट्यावरच दाखवलं होतं.

पारिजात :
वा! म्हणजे ‘अरेखित’ ठेवू? की ‘मृदू स्नायू’? पेठा तर मृदू नाही.

ऱ्हस्वदीर्घ :
काहीही ठेवा, पण ‘स्नायूपेशी’ लिहू नका. 1962च्या शुद्धलेखनाच्या नियमांनुसार सुटा शब्द ‘स्नायू’, समासात मात्र ‘स्नायुपेशी’, ‘स्नायुऊती’. तत्सम शब्द समासात पहिला आला की मूळचा ऱ्हस्व राहतो. छापील पत्रकांत हे सर्रास चुकलेलं दिसतं.

तांबडी माती :
संस्कृताबाहेरही बघा की. दंडावर उभी राहते ती बेटकुळी. तालमीत वस्ताद दंडावर बुक्की मारून ती उठवून दाखवायचे. चामडीखाली बेडूक बसल्यासारखा उंचवटा टरारून यायचा आणि हळूहळू विरायचा. लॅटिनमधला मूळ शब्द ‘मुस्कुलुस’, म्हणजे छोटा उंदीर. त्यांना उंदीर दिसला, आपल्याला बेडूक. बोलीतला असा जिवंत शब्द पुस्तकात का येऊ नये?

काढाचूर्ण :
बेटकुळी फक्त दंडाची. पोटरीला कोणी म्हणत नाही.

मीठभाकर :
पोटरीला गोळा. ‘पोटरीत गोळा आला’ म्हणतोच ना! पण बेटकुळी नव्हे, बेडकुळी. आई कायम ‘ड’च म्हणायची.

तांबडी माती :
आमच्याकडे ‘ट’. तालमीत दुसरा उच्चार कधी ऐकला नाही.

मकरपुरा :
माझ्या सासरी बेंडकुळी म्हणतात, अनुस्वार देऊन.