मोफत मजकूर-सफाई प्रोग्राममध्ये 'दऱ्या'चा 'दर्या' होतो: सेटिंग चुकतंय की प्रोग्राम?

प्रश्न | अक्षरजुळणी

पीडीएफमधून कॉपी केलेला मराठी मजकूर नीट करायला एक छोटा मोफत प्रोग्राम वापरतो आहे. 'सगळं स्वच्छ करा' या एकाच बटणाने १८० पानं काढली. ओळी जोडल्या गेल्या, जादा स्पेस गेल्या, पण तीन बिघाड सापडले.

'दऱ्या'चा 'दर्या' आणि 'आचाऱ्यांना'चं 'आचार्यांना' झालं, तेही सगळीकडे नाही. काही 'दऱ्या' शाबूत आहेत. 'दु:ख'चं 'दु: ख' झालं. आणि सगळे परिच्छेद एकमेकांत मिसळले.

मूळ फाइल हाताशी आहे. कोणता पर्याय बंद करायचा? प्रोग्राम लिहिणाऱ्यालाही कळवायचं आहे, म्हणून नेमकं कारण हवं.

उत्तर | मुद्रितशोधक

'अदृश्य अक्षरं काढा' या पर्यायाची खूण काढा. पहिला बिघाड तिथलाच आहे.

'ऱ्या' दोन प्रकारे टाइप होतो. एका प्रकारात साधा र, हलन्त, मग झिरो विड्थ जॉइनर (अक्षरं जोडणारं अदृश्य चिन्ह, युनिकोड २००डी) आणि शेवटी या. दुसऱ्यात नुक्त्याचा ऱ (०९३१), हलन्त आणि या. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. प्रोग्रामने जॉइनर कचरा समजून उडवला की पहिल्या प्रकारात उरतो साधा र, हलन्त, या; म्हणजे रफार. दुसऱ्या प्रकारात उडवण्यासारखं काही नसतंच. तुमच्या शाबूत राहिलेल्या 'दऱ्या' या दुसऱ्या प्रकारच्या आहेत.

हा बिघाड स्पेलचेकरलाही सापडत नाही, कारण 'दर्या' आणि 'आचार्यांना' हे दोन्ही शब्द बरोबरच आहेत. स्वयंपाक करणाऱ्यांना दिलेली सूचना थेट गुरुजींना जाते. म्हणून सफाईच्या आधीच मजकूर पक्का करून घ्या. मूळ फाइल नोटपॅड प्लस प्लसमध्ये उघडा, शोध 'रेग्युलर एक्स्प्रेशन'वर ठेवा. शोधायच्या चौकटीत र, हलन्त आणि त्याला लागून बॅकस्लॅश, एक्स, महिरपी कंसात २००डी. बदलायच्या चौकटीत नुक्त्याचा ऱ आणि हलन्त. इनस्क्रिप्टमध्ये हा ऱ शिफ्ट धरून 'जे'च्या कळीवर मिळतो. सगळे बदलून झाले की नुसता ऱ शोधा. 'दऱ्या' सापडली तर ती आता सुरक्षित आहे.

तरीही तो पर्याय सरसकट चालू करू नका. 'वाङ्‌मय'सारख्या शब्दात हलन्त उघडा दिसावा म्हणून नॉन-जॉइनर (२००सी) घातलेला असतो, तोही जाईल. खरोखर काढायचे ते झिरो विड्थ स्पेस (२००बी), सॉफ्ट हायफन (ओळ तुटली तरच दिसणारा, ००एडी) आणि मधेच अडकलेला बीओएम (एरवी फाइलच्या सुरुवातीला असणारी अदृश्य खूण, एफईएफएफ).

उत्तर | ओळखूण

'दु: ख' होतं कारण तिथे विसर्ग नाहीच, कोलन आहे. 'विरामचिन्हानंतर स्पेस' हा नियम कोलन पाहिला की स्पेस घालतो. आधी विसर्ग दुरुस्त करा: दु:ख, अंत:करण, नि:शब्द, स्वत:, विशेषत:. एकेक शोधून, डोळ्यांनी पाहून बदला. दोन अक्षरांमधला प्रत्येक कोलन एकदम बदललात तर 'विषय:मराठी' अशा ठिकाणीही विसर्ग बसेल. याच नियमाने '१०:३०' आणि '३.५'सुद्धा तुटतात का ते तपासा. बरेच प्रोग्राम अंक म्हणून फक्त इंग्रजी अंकच ओळखतात, देवनागरी अंकांना अपवाद लागू होत नाही.

परिच्छेदांचं सोपं आहे. आधी लागोपाठचे दोन लाइन ब्रेक मजकुरात कुठेच नसलेल्या खुणेने बदला, समजा '@@'. मग उरलेला प्रत्येक एकेरी ब्रेक काढून तिथे एक स्पेस. शेवटी '@@'चा पुन्हा ब्रेक करा. जादा स्पेस याच्यानंतर काढायच्या, आधी नाही. पीडीएफमध्ये परिच्छेदांमध्ये कोरी ओळच नसेल तर पूर्णविरामानंतर येणारा ब्रेक परिच्छेदाचा धरा. थोडे चुकतील, ते हाताने. 'ओळीअखेरचा हायफन काढा' बंदच ठेवा, नाहीतर 'सुख-दुःख' नेमकं ओळीच्या टोकाला आलं की 'सुखदुःख' होतं.

उत्तर | जुना टंक

आणखी दोन बटणांपासून सावध. 'अ‍ॅक्सेंट काढा' हे फ्रेंच-स्पॅनिशसाठी आहे. मराठीत ते उकार, मात्रा, अनुस्वार, हलन्त आणि नुक्ता घेऊन जातं, काना-वेलांटी ठेवतं. 'पुस्तके'चं 'पसतक' होतं, 'काळी' मात्र जशीच्या तशी. नमुन्याला 'काळी' घेतलीत तर सगळं ठीक आहे असंच वाटेल.

दुसरं, मजकूर कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमधला असेल तर आधी युनिकोडमध्ये रूपांतर करा. तिथे सेमीकोलन म्हणजे 'य', स्वल्पविराम म्हणजे 'ए'. विरामचिन्हांचा कोणताही नियम लावला की शब्दच फाटतात.

अक्षरजुळणी

मूळ फाइलवर याच क्रमाने केलं, तिन्ही सुटले. काही ठिकाणी दुहेरी स्पेस मात्र जातच नाहीत.

मुद्रितशोधक

त्या नॉन-ब्रेकिंग स्पेस आहेत, म्हणजे जिथे ओळ तुटत नाही अशा (००ए०). साध्या स्पेसचा शोध त्यांना पकडत नाही. आधी त्या साध्या स्पेसमध्ये बदला, मग दुहेरी काढा. सेव्ह करताना एन्कोडिंग यूटीएफ-८ आहे ना ते पाहा. एएनएसआय या जुन्या एन्कोडिंगमध्ये गेलं तर सगळी देवनागरी प्रश्नचिन्हं होते आणि ती परत येत नाही.

प्रोग्राम लिहिणाऱ्याला 'मराठी बिघडतं' एवढंच कळवू नका, त्यातून त्याला काहीच शोधता येणार नाही. आवृत्तीचा क्रमांक, चालू असलेले पर्याय आणि आधी-नंतरच्या तीन ओळी पाठवा: जॉइनरवाला 'दर्‍या', 'वाङ्‌मय', '१०:३०'. ओळी ईमेलच्या मजकुरात चिकटवू नका, वाटेत अदृश्य अक्षरं गळू शकतात. यूटीएफ-८ फाइल जोडा. मागणी एकच ठेवा: २००सी आणि २००डी अदृश्य अक्षरांच्या यादीतून काढून त्यांना वेगळी खूण द्यावी, आणि ती मुळात बंद असावी.