दुसऱ्याच्या सातबाऱ्यावरच्या कादंबऱ्या

तळघर (धागाकर्ता)

कॉलेजात असताना दादरच्या एका रद्दीवाल्याकडे 'ड्रॅगन्स ऑफ विंटर नाइट' मिळालं, कव्हर चिकटपट्टीने जोडलेलं. तीन भागांतला हा दुसरा, हे घरी आल्यावर कळलं. पहिला हाती लागायला पुढे अकरा वर्षं गेली. त्यामुळे स्टर्म ब्राइटब्लेड नावाचा नाइट मला भेटला तोच मुळी मरणाच्या वाटेवर. तटावर एकटा उभा, आणि समोरून ड्रॅगनवर बसून येणारी किटिआरा, एकेकाळची त्याचीच मैत्रीण. मेला. कुर्ल्याला उतरायचं होतं, ठाण्याला उतरलो.

कादंबरी मार्गारेट वाइस आणि ट्रेसी हिकमन यांची, पण तिच्यातलं क्रिन हे जग त्यांचं नाही. ते टीएसआर या खेळ काढणाऱ्या कंपनीचं. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा टेबलाभोवती बसून एकेक पात्र बनून खेळायचा खेळ, तो खेळणाऱ्यांसाठी 'ड्रॅगनलान्स' नावाने साहसांच्या पुस्तिका काढायच्या आणि जोडीला कादंबऱ्या, असा तो १९८४ चा बेत. पुढे त्याच जगात कितीतरी जणांनी लिहिलं. एड ग्रीनवुडने पोरवयापासून मनात रचलेलं 'फर्गॉटन रिल्म्स' १९८७ मध्ये त्याच कंपनीने बाजारात आणलं, तिथेही हाच प्रकार. यांना मी खंडाच्या कादंबऱ्या म्हणतो. नांगर लेखकाचा, सातबारा कंपनीच्या नावावर.

आता माझी मतं. पटली नाहीत तर भांडा.

खंडाने कसली म्हणून शेती वाईट होत नाही. 'लेजंड्स' ही १९८६ ची त्रयी मूळ त्रयीपेक्षा सरस आहे असं मी कुठेही म्हणायला तयार आहे. जुळे भाऊ. एक खोकून खोकून खंगलेला जादूगार, देव व्हायला निघालेला. दुसरा धडधाकट, दारूत बुडालेला, भावाशिवाय स्वतःला ओळखतच नाही. ड्रॅगन वगैरे राहू द्या बाजूला, सख्ख्या भावांचं इतकं कडवट नातं मला स्वतःची जमीन असलेल्या लेखकांकडेही फारसं मिळालं नाही.

पण लेखकाला काहीतरी कायमचं गमावायची मुभा असावी लागते. स्टर्म मेला आणि मेलेलाच राहिला. उलट रिल्म्समध्ये लिहिणाऱ्या आर. ए. साल्वाटोरेचं बघा. ड्रिझ्ट हा त्याचा नायक, भुयारातल्या क्रूर जमातीतून पळून आलेला काळा एल्फ. त्याचा दोस्त वुल्फगार १९९२ मध्ये मेला, १९९६ मध्ये परत आला. पुढे एकेक करून सगळे सोबती गेले, आणि २०१३ च्या 'द कम्पॅनियन्स'मध्ये चौघेही पुन्हा जन्म घेऊन हजर. चौघेही! मी पुस्तक मिटलं ते मिटलंच.

निशाचर

तुम्ही हा खेळ कधी खेळलेले दिसत नाही. नियमपुस्तकात मेलेल्याला उठवायचा मंत्र आहे. पुरोहित पुरेसा वरच्या पायरीचा हवा, बास. जिथे असे पुरोहित गाठता येतात, त्या जगात मेलेल्याला मेलेलंच ठेवणं ही लबाडी. साल्वाटोरे आपल्या जगाशी प्रामाणिक आहे.

आणि ड्रिझ्टचा जन्म कसा झाला ते ऐका. 'द क्रिस्टल शार्ड' (१९८८) लिहायला घेतली तेव्हा नायक वुल्फगार होता. संपादिकेला फोनवर ताबडतोब एक जोडीदार हवा होता, आणि ड्रिझ्ट साल्वाटोरेच्या तोंडून आयत्या वेळी निघून गेला. तो आज तीसहून जास्त कादंबऱ्या खांद्यावर घेऊन चालतोय. खंडाच्या शेतात असं कुणी न पेरलेलं उगवतं, त्याची गंमत तुम्हाला नाही?

तळघर

गंमत आहे. पहिली सहा पुस्तकं मी रात्र रात्र जागून वाचलीत. पण नियम तर क्रिनमध्येही तेच होते ना? वाइस आणि हिकमननी आधीच बांध घालून ठेवला. प्रलयानंतर देव तीनशेहून जास्त वर्षं गायब, त्यामुळे खरा पुरोहितच शिल्लक नाही. म्हणून तिथे मरण जड आहे.

निशाचर

अहो, पण स्टर्म मरतो तेव्हा त्याच्याच टोळीतली गोल्डमून पुरोहित झालेली आहे! पहिल्याच भागात. तिचा प्रियकर रिव्हरविंड ड्रॅगनच्या फुत्काराने जवळजवळ संपला होता, तो देवीच्या कृपेने टुणकन उठला की. मग स्टर्मला का नाही?

तळघर

कारण गोल्डमून तेव्हा दुसऱ्या टोळीबरोबर, पार दुसऱ्या टोकाला. टोळी मुद्दाम फोडलेली आहे. यालाच मी कसब म्हणतो.

निशाचर

यालाच मी सोय म्हणतो.

काटेकोर

दोघेही खेळाच्या जाहिरातीवर भांडताय, म्हणून मधे पडतो. १९८९ मध्ये या खेळाची दुसरी आवृत्ती आली. नवे नियम रिल्म्सच्या जुन्या जगाला जुळेनात. मग कंपनीने काय केलं? 'अवतार' नावाची त्रयी काढली. जवळजवळ सगळे देव स्वर्गातून हाकलले, काही मारले, आणि जग नव्या नियमांना जुळवून घेतलं. नियमपुस्तकातून खेळाडूला घेता येणारा मारेकऱ्यांचा वर्ग काढला होता, म्हणून कथेत त्या जगातले मारेकरी झाडून सगळे मेले. एका फटक्यात. लेखकाचं नावसुद्धा खोटं. 'रिचर्ड ऑलिन्सन' नावाचा कुणी माणूसच नाही, त्या नावाआड दोघांनी मिळून तीन पुस्तकं पाडली.

याला कादंबरी म्हणायचं की परिपत्रक?

निशाचर

अवतार त्रयीसाठी मी भांडणार नाही. तेवढं तुमचं.

पण तळघर, यातच तुमच्या वुल्फगारचं उत्तर आहे. २००८ मध्ये चौथ्या आवृत्तीसाठी कंपनीने रिल्म्सचं कॅलेंडर जवळजवळ शंभर वर्षं पुढे ढकललं. ड्रिझ्ट एल्फ, त्याला शंभर वर्षं म्हणजे काहीच नाही. पण कॅटी-ब्री माणूस, वुल्फगार माणूस. त्यांचं काय करायचं? कंपनीने नायकाचे दोस्त न विचारता म्हातारे करून टाकले. मग २०१३ मध्ये पुढच्या आवृत्तीसाठी जग पुन्हा हलवायचं ठरलं, तेव्हा साल्वाटोरेने संधी साधून माणसं परत आणली. मालकाने घर पाडलं, कुळाने परत बांधलं. शिव्या कुळाला का?

तळघर

हे मात्र मी नीट जोडून पाहिलं नव्हतं. २०१३ पुरतं मागे घेतो. १९९२ चं नाही, ते मरण आणि ते परतणं साल्वाटोरेच्याच खात्यावर.

बोरकूट

मला ड्रॅगन्समधलं फार कळत नाही, मुलीमुळे थोडे वाचलेत. पण सामायिक जगाचं एवढं कौतुक किंवा एवढा तिटकारा मराठी वाचकाला का वाटावा? आपण हेच वाचत आलो. भासाने 'ऊरुभंग'मध्ये मांड्या मोडून पडलेला दुर्योधन असा लिहिला की त्याच्यासाठी गलबलून येतं. शिवाजी सावंतांचा कर्ण १९६७ चा. जग उसनं, माणसं उसनी, शेवट सगळ्यांना पाठ. चाक रुतणार हे माहीत असूनही वाचतोच ना?

काटेकोर

फरक सरळ आहे. महाभारताचा सातबारा कुणाच्याच नावावर नाही. भासाला कुणी कळवलं नव्हतं की पुढच्या आवृत्तीत गदा बाद, तेव्हा भीमाला भाला द्या.

बोरकूट

हसले. पण भासानेही दुर्योधनाला जगवलं नाही, शेवट त्यालाही बदलता आला नाही. कुंपण होतंच, राखणदार तेवढा नव्हता. आणि नाटक त्या कुंपणामुळेच उभं राहिलं, असं माझं मत. तळघर म्हणतात तशी गमावायची मुभा त्याला कुठे होती? गमावायची सक्ती होती.

तळघर

बोरकूट, हे वाक्य मला दिवसभर पुरेल.

राखणदार नसला तर काय होतं त्याचंही उदाहरण आहे, कंपनीशिवायचं. १९७९ मध्ये रॉबर्ट ॲस्प्रिनने 'थीव्ह्ज वर्ल्ड' काढलं. एकच शहर, सँक्चुअरी, आणि प्रत्येक लेखकाने आपापलं पात्र आणायचं. पहिली दोन-तीन पुस्तकं झकास आहेत. भुरटे चोर, जादूटोणा करणारे, घाणेरड्या गल्ल्या. मग जो तो आपलंच पात्र सगळ्यात भारी करायला लागला. एक अमर योद्धा आणला की दुसऱ्याची महाचेटकीण आलीच. बारा पुस्तकं चाललं, १९८९ पर्यंत. मी पाचव्याला थकलो. सामायिक विहिरीवर प्रत्येकाने आपापला पंप बसवला की होतं तेच.

पेन्शनीत

कुळांचा विषय निघालाच आहे तर एक भर घालतो. वाइस आणि हिकमन ऑक्टोबर २०२० मध्ये कोर्टात गेले होते. टीएसआर १९९७ मध्येच विझर्ड्स ऑफ द कोस्टने विकत घेतलेली, त्यामुळे क्रिनही त्यांचं. नवी त्रयी ठरली, करार झाला, लिहायला सुरुवात झाली आणि मग कंपनीने अंग काढून घेतलं, अशी त्यांची तक्रार. दावा एक कोटी डॉलरचा. डिसेंबरात मागे घेतला, आणि २०२२ मध्ये पहिला भाग आला. म्हणजे आतल्या आत काहीतरी जमलं असावं. चाळीसएक वर्षं कसली तरी जमीन नावावर नाहीच. आमच्या गावात कूळकायद्याने झाली असती.

निशाचर

पेन्शनीत, बरी आठवण केलीत. तळघर, तुमचं मूळ वाक्य होतं 'स्टर्म मेला आणि मेलेलाच राहिला'. याच नव्या त्रयीचा दुसरा भाग, 'ड्रॅगन्स ऑफ फेट', २०२३. त्यात स्टर्म आहे. चांगला हिंडतोय, तलवार चालवतोय. बोला आता.

तळघर

तो मरायच्या आधीचा स्टर्म आहे. तटावरच्या प्रसंगाच्या आधीच्या काळातून उचलून भूतकाळात नेलेला. मेलेला उठलेला नाही. फार मोठा फरक आहे.

काटेकोर

हे बोलताना चेहरा सरळ होता का?

निशाचर

थांबा, थांबा. एवढे बारकावे माहीत आहेत म्हणजे वाचलंय.

तळघर

आलं त्याच आठवड्यात. या वेळी रद्दीतून नाही, पूर्ण किमतीला.