ट्वायलाइटनंतर काय वाचायचं?

एका ताईंनी विचारलंय की भाचीचे ट्वायलाइट या व्हॅम्पायर-प्रेमकथेचे चारही भाग वाचून झाले, आता तसंच पण जरा चांगलं लिहिलेलं काय द्यायचं, तर माझं मत डोळे झाकून मॅगी स्टीफवॉटर ही लेखिका. आधी तिची शिव्हर (२००९) ही कादंबरी द्या. थंडी पडली की मुलाचा लांडगा होतो आणि उन्हाळ्यात परत माणूस, त्यामुळे सगळं प्रेम पाऱ्यावर अवलंबून, प्रत्येक प्रकरणाच्या वर तापमान लिहिलेलं असतं आणि ते उतरायला लागलं की आपल्याला वाचताना धडधडतं, इथे मालवणात मे महिन्यात घामाघूम होऊन वाचलं तरी!

पण माझं खरं प्रेम तिच्याच द रेव्हन बॉइजवर (२०१२). त्यातल्या नायिकेचं, ब्लूचं, सगळं घर भविष्य सांगणाऱ्या बायकांचं, आणि तिला लहानपणापासून सांगितलंय की तू ज्याच्यावर खरं प्रेम करशील त्याचं चुंबन घेतलंस तर तो मरेल. त्यात एक जागं रान आहे, झाडं बोलतात, आणि ज्यांनी आपल्याकडची देवराई बघितलीय, राखणदाराला नारळ ठेवल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही हे ऐकत जे मोठे झालेत त्यांना ते रान परकं वाटणारच नाही. सुरुवात संथ आहे पण शंभरेक पानं धीर धरायला सांगा तिला. चार भाग आहेत, क्रमानेच वाचायचे, मधूनच उचलला तर काही कळणार नाही.

भूत आणि प्रेम एकत्र हवं असेल तर एडन थॉमसचं सेमेटरी बॉइज, एकाच पुस्तकात गोष्ट पूर्ण होते.