भायखळा, माझगाव, नागपाडा, डोंगरी : तुमच्या गल्लीत कोण आलं, कोण गेलं?

भंडारवाडा

माझगाव, भायखळा, नागपाडा, कामाठीपुरा, डोंगरी. चालायची सवय असेल तर हा सगळा पट्टा एका सकाळी पालथा घालता येतो. त्याच्याबद्दल छापून येतं ते मात्र दोनच तऱ्हेचं: एक तर इराण्याचा चहा आणि जुन्या मुंबईच्या आठवणी, नाहीतर टोळ्या आणि वेश्यावस्ती. तिथे जन्मून वाढलेल्या माणसाला दोन्हींत आपलं घर सापडत नाही. म्हणून हा धागा काढतेय.

माझं माहेर माझगावच्या टेकडीखाली, जोसेफ बॅप्टिस्टा उद्यानाच्या अंगाला. वडील गोदीत कामाला. या वस्तीचा स्वभाव गोदीने घडवला असं माझं ठाम मत आहे. नवाब टँक रोडवर एक चिनी देऊळ आहे, १९१९ सालचं, दक्षिण चीनमधून आलेल्या लोकांनी उभारलेलं. आजीच्या वेळी आसपास बरीच चिनी घरं होती. १९६२च्या युद्धानंतर या लोकांकडे संशयाने पाहिलं जाऊ लागलं, कामधंदे सुटले आणि एकामागून एक कुटुंबं देश सोडून गेली. देवळाची देखभाल करणारं घर तेवढं राहिलं. चिनी नव्या वर्षाला गेलात तर लाल मेणबत्त्या, उदबत्त्यांचा धूर आणि मुंबईभर विखुरलेली चिनी माणसं एका जागी भेटतील. आजी त्या काळाबद्दल फार बोलायची नाही. "दात बसवायचे बिचारे, त्यांचा काय संबंध लढाईशी?" एवढंच म्हणायची.

तर लिहा. शेजारी कोण होतं, कुठून आलं होतं, का गेलं, त्याच्या खोलीत नंतर कोण आलं. जे स्वतः सोडून गेलेत त्यांनी कशामुळे सोडलं तेही लिहा. "पूर्वी किती छान होतं" एवढ्यावर थांबू नका, कृपा करून.

पाखाडीवाला

"इथे सगळेच बाहेरचे" असं पुढे कोणीतरी लिहील, त्याआधी आमची नोंद घ्या. आम्ही ईस्ट इंडियन. माझगावची म्हातारपाखाडी हे आमचं गाव, शहर आमच्याभोवती नंतर वाढलं. धर्म ख्रिस्ती, बोली मराठीचीच. वर उद्यानाला ज्यांचं नाव आहे ते काका बॅप्टिस्टा आमच्याच पाखाडीत जन्मले. टिळकांचे सहकारी, होमरूल चळवळीतले, १९२५ साली मुंबईचे महापौर झाले.

आमच्याकडे आधी गोवेकर भाडेकरू आले, मग मंगळूरचे. बाहेरच्यांना आम्ही सगळे "ख्रिश्चन लोक" म्हणून एकच, पण आमच्या आयांना जेवणाच्या वासावरून कळायचं कुठलं घर कोणाचं. आता घरं कमी होतायत. यात नवीन आलेल्यांचा काही दोष नाही. एका घराला आठ वारस, त्यातले चार कॅनडा-ऑस्ट्रेलियात. सगळ्यांचा हिस्सा एकरकमी देऊ शकेल असा माणूस एकच, बिल्डर. वाड्यातल्या क्रूसापाशी मे महिन्यात प्रार्थना अजून होते आणि तिथे टॉवरमधल्या दोन गुजराती बायकाही येऊन उभ्या राहतात. त्यांना प्रार्थना येत नाही, पण मेणबत्ती आणतात.

अश्दोदहून

मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातली ज्यू, आता इस्राएलमध्ये अश्दोदला. मूळ गाव अलिबागच्या बाजूला. आम्हाला कोकणात शनिवार तेली म्हणत, कारण घाणा शनिवारी बंद. आजोबा मुंबईला आले ते आग्रीपाड्याच्या बाजूला, मोरलँड रोडजवळ. तिथे आमचं मागेन हसिदीम सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनास्थळ आहे, १९०४ साली सुरू झालेलं. मोहल्ला मुसलमानांचा आणि मधोमध आम्ही. मटणाच्या बाबतीत दोघांच्याही घरी नियम कडक, त्यामुळे आमच्या आईची आणि शेजारच्या खालाची या विषयावर चर्चा छान रंगायची. रोश हशानाला, आमच्या नव्या वर्षाला, आई चिकाचा हलवा करायची, नारळाच्या दुधातला. वड्या पाडल्या की पहिलं ताट शेजारी जायचं. प्रेषित एलियाहू हन्नाबीच्या नावाने मलिद्याचा विधी असला की पोहे, गूळ, खोबरं, फळं घेऊन मी जिनाभर फिरायचे.

जे लिहायला हवं ते हे की "ज्यू" म्हणून तिथे एकच समाज नव्हता. भायखळ्याचं निळं मागेन डेव्हिड सिनेगॉग बगदादी ज्यूंचं. डेव्हिड ससून १८३२ साली बगदादकडून मुंबईत आला, व्यापारात अफाट पैसा केला, सिनेगॉग बांधलं. भायखळ्याचं मसीना हॉस्पिटल ज्या वास्तूत आहे तो त्याचा बंगला. ते अरबी बोलत आले, पुढे इंग्रजी. आम्ही कोकणातले, लुगडी नेसणारे. त्यांच्यातले बरेच जण आम्हाला आपल्या बरोबरीचं मानत नसत. आणि गंमत म्हणून सांगत नाही, मनाला लागलेलं सांगते: आमचे लोक इस्राएलला आले तेव्हा इथेही तेच. आमच्याशी लग्नं लावायची का यावर इथल्या धर्मपीठाने शंका काढल्या. आमच्या लोकांनी जेरुसलेममध्ये धरणं धरलं, तेव्हा कुठे १९६४ साली तो प्रश्न सुटला.

आम्ही आलो ते त्यानंतर. का सोडलं? कोणी हाकललं नाही. कोणी त्रास दिला नाही. मामा गेले, मग काका, मग मुलींच्या लग्नाला माणसं उरली नाहीत. शंभर घरांतली साठ गेली की उरलेल्या चाळीसांना राहणं अवघड होतं. लोक नेहमी अत्याचार शोधतात, आमच्या बाबतीत तो मुंबईत नव्हता.

इथे अश्दोदमध्ये आमच्या इमारतीत आधी मोरोक्कोचे लोक, १९९०नंतर रशियन आले. आमच्यासाठी "मायबोली" नावाचं मराठी नियतकालिक इथे निघतं. माझी मुलं ते चाळतात, वाचत नाहीत. नातवाला फक्त हलवा कळतो.

क्लेअर रोड

अश्दोदहून ताई, तुम्ही जे सोडून गेलात त्यात शिकलेला मी एक. आजोबा आझमगडकडचे विणकर, मदनपुऱ्यात आले. घरात उर्दू, गल्लीत मुंबईची हिंदी, मराठी मला शेजारच्या हवालदारांच्या घरात आली. शाळा सर जेकब ससून, मागेन डेव्हिडच्याच आवारात. आमच्या वेळेपर्यंत वर्गात ज्यू मूल नव्हतं, जवळपास सगळे मुसलमान. तरी शाळा चालू राहिली. ट्रस्ट ज्यूंचा, मुलं आमची, आणि यात कोणाला काही विशेष वाटत नसे. बाहेर गावी सांगितलं की लोक चकित होतात. मला त्यांच्या चकित होण्याचं नवल वाटतं.

आणखी एक, जे नागपाड्याबाहेर कमी लोकांना माहीत आहे. अमेरिकन मराठी मिशनने १९२७ साली नागपाड्यात नेबरहूड हाऊस काढलं, क्लिफर्ड मॅनशार्ट त्याचे प्रमुख. वाचनालय, दवाखाना, खेळ, सगळ्यांना मोकळं. आज टाटा सामाजिक विज्ञान संस्था म्हणतात तिची सुरुवात १९३६ साली याच इमारतीत झाली, देवनारला ती खूप नंतर गेली. आणि याच मिशनच्या वातावरणातून नागपाड्याला बास्केटबॉलचं वेड लागलं. अब्बास मुंतसिर इथलेच, भारताचे कर्णधार, अर्जुन पुरस्कार मिळालेले. मस्तान तलावाच्या कोर्टवर आजही पोरं रात्री उशिरापर्यंत खेळतात. क्रिकेटला मैदान लागतं, आमच्याकडे तेवढी जागा कुठली! पाद्र्यांनी आणलेला खेळ मोहल्ल्याने असा उचलला की आज नागपाडा म्हटलं की खेळणाऱ्यांना आधी तोच आठवतो.

नववी गल्ली

तेलुगू कामाठी. माझे पणजोबा तेलंगणातून मुंबईत बांधकामावर आले. या शहरातल्या कितीतरी दगडी इमारतींसाठी आमच्या लोकांनी पाट्या उचलल्या आणि वस्तीला नावही आमचंच आहे. नाव सांगितलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर जे येतं ते तुम्हाला ठाऊक आहे. बायोडेटावर, लग्नाच्या स्थळात, कॉलेजच्या अर्जावर आम्ही "मुंबई सेंट्रल" लिहितो. माझ्या बहिणीचं जमलेलं लग्न पत्त्यावरून मोडलं. पंधरा गल्ल्यांत धंदा काही मोजक्याच ठिकाणी होता, बाकी ठिकाणी संसार होते, विड्या वळणं होतं, शाळेत जाणारी पोरं होती.

आता पुनर्विकास येतोय, म्हाडामार्फत. माझा त्याला विरोध नाही, घर पडायला आलंय. नवरात्राच्या दिवसांत आमच्या बायका गल्लीत बतुकम्मा मांडतात, फुलांचा ढीग रचून भोवती फेर धरतात. ती जागा गल्लीत आहे, पार्किंगच्या पोडियमवर ती मिळेल का, हे कुठल्याच नकाशात दाखवत नाहीत.

आग्रीपाडा बीआयटी

एवढं गोड चाललंय म्हणून लिहितो. प्लेगनंतर १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला, त्याने बांधलेल्या चाळींपैकी आमची. खाजगी चाळीत आमच्या जातीला खोली मिळत नसे, ट्रस्टच्या चाळीत मिळाली. म्हणजे ज्या वस्तीला सर्वांची म्हणतात तिथेही कोणता जिना कोणासाठी हे ठरलेलं असायचं. मिलमध्येसुद्धा तसंच. साचा खात्यात, म्हणजे विणाईच्या खात्यात, आम्हाला घेत नसत, कारण धागा तोंडाने ओढावा लागे आणि इतरांना विटाळ होई.

आणि डिसेंबर १९९२, जानेवारी १९९३च्या दंगली. मी तेव्हा कॉलेजात होतो. आमच्या भागात काय झालं ते इथे नीट लिहिता येणार नाही, अजून येत नाही. त्यानंतरचं लिहितो. आमच्या समोरच्या इमारतीतली मराठी घरं एक-एक करून डोंबिवली, विरारकडे गेली. पलीकडून, मराठी वस्त्यांमधून, मुसलमान घरं आमच्या बाजूला आली नाहीतर थेट मुंब्र्याला गेली. कोणी जाहीर केलं नाही, पण वस्तीची वाटणी झाली. परदेशातून येणाऱ्यांनी ही वस्ती घडवली हे खरं, पण आज तिचा जो चेहरा आहे तो त्या दोन महिन्यांनी आणि १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेल्या गिरणी संपाने घडवलाय. संपानंतर माझ्या वडिलांनी पुन्हा पगार पाहिला नाही. ज्या माणसांसोबत ते सोळा-सतरा वर्षं एका खात्यात होते त्यातले निम्मे गावी गेले.

रत्नांग्रीकर

वरचं वाचून सुन्न झालो. संपाचं माझ्या घरातही आहे, त्यावर वेगळं लिहीन. मला दुसरी गोष्ट सांगायचीय, आमच्या गावाच्या खोलीची.

आमच्या गावाची एक खोली आहे, काळाचौकीच्या अलीकडे. भाडेपावती गावाच्या मंडळाच्या नावावर. गावातून नवा पोरगा भाऊच्या धक्क्याला उतरला की थेट तिथे. ट्रंक ठेवायला फळी, झोपायला गॅलरी, जेवायला खानावळीच्या मावशी. खोलीत पाळीने झोपायचं, रात्रपाळीवाला सकाळी त्याच जागेवर. महिन्याची वर्गणी, भांडण झालं तर निवाडा मंडळाचा. माझ्या वडिलांनी, काकांनी, मी, सगळ्यांनी तिथे दिवस काढलेत.

धोबीतलावला गोवेकरांचे "कूड" पाहिले तेव्हा मला धक्काच बसला. हुबेहूब आमची खोली! गावागणिक एक कूड, बोटीवर नोकरी धरणारे तरवटी तिथे उतरायचे. फक्त त्यांच्याकडे संध्याकाळी रोझरी, आमच्याकडे भजन.

चिपळूण ते डोंगरी

रत्नांग्रीकर, आमच्याकडेही तेच! आम्ही कोकणी मुसलमान. गावाच्या जमातीची खोली डोंगरीत. बोटीवर खलाशी, नंतर कुवेत-सौदीला जाणारे, पासपोर्टचं काम होईपर्यंत सगळे तिथेच पडलेले. घरी आम्ही कोकणीच बोलतो, शेजारच्या मेमन नि बोहरी लोकांना ती कळत नाही. इथे इराणीही आले, मुघल मशीद त्यांचीच, १८६०ची, निळ्या फरशांची. मोहरमला तिथे अजून फारसी ऐकू येते.

आता आमच्या खोलीत गावची पोरं कमी. गाव सोडणारा थेट गल्फला नाहीतर पुण्याला जातो. आसपासच्या कारखान्यांत बॅगा शिवणारी, जरीकाम करणारी बिहारची पोरं आहेत. ती कामाच्याच जागी, मशीनखाली झोपतात. त्यांच्या गावाची खोली इथे नाही. भाडेपावती नाही, म्हणून पुनर्विकासाच्या पात्रता यादीत ती नाहीत. आमच्या आजोबांना जे मिळालं ते त्यांना मिळणार नाही, आणि मला हे अन्यायाचं वाटतं.

रत्नांग्रीकर

बरोबर. आमच्यापुढे नेमका हाच प्रश्न आलाय. इमारत उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीचा उपकर भरणारी जुनी, बिल्डरने सह्या गोळा केल्यात. खोलीच्या बदल्यात मंडळाला एक फ्लॅट मिळणार, किमान ३०० चौरस फुटांचा. गावात दोन तट पडलेत. एक म्हणतो विकू, देवळाचा सभामंडप करू, उरलेले वाटून घेऊ. दुसरा म्हणतो ठेवू. मी ठेवायच्या बाजूचा. आमच्याच गावची पोरं आता टाटा हॉस्पिटलला म्हाताऱ्यांना घेऊन येतात, परीक्षांना येतात, त्यांना मुंबईत रात्र काढायला जागा नाही. टॉवरच्या सोसायटीने दर आठवड्याला बदलणारी माणसं चालवून घ्यायला हवीत, ते आधी करारात लिहून घ्यावं लागेल असं आमच्यातला एक वकील म्हणतो. गणपतीला सगळे गावी असतात, सभा तेव्हा आहे. कोणाच्या गावाने, कूडाने किंवा जमातीने असा करार आधी केला असेल तर त्यात काय लिहून घेतलं ते इथे सांगा, मला सभेत दाखवायचंय.