बाहा कॅलिफोर्नियातला हिवाळी मुक्काम: अनुभव सांगा

डिसेंबर ते मार्च बाहाच्या, म्हणजे मेक्सिकोच्या वायव्येकडच्या लांबट द्वीपकल्पाच्या, किनाऱ्यावर तंबूत किंवा व्हॅनमध्ये राहिलेल्यांनी कृपया नेमके तपशील द्यावेत. सुरुवात मुलेहे गावाच्या दक्षिणेच्या बाहिया कोन्सेप्सिओन या उपसागरापासून करू: सान्तिस्पाक, एल कोयोते, एल रेकेसोन या पुळणी तिथल्याच.

*

थंडीपेक्षा त्रास उत्तरेच्या वाऱ्याचा. 'नोर्ते' सुटला की दोन-तीन दिवस थांबत नाही आणि नेहमीच्या खुंट्या कोरड्या वाळूत धरतच नाहीत. जाड कापडी पिशव्या वाळूने भरा, दोरी पिशवीच्या मध्यावर बांधा, हातभर खोल पुरा आणि वरची वाळू पायाने तुडवून घट्ट करा. दोरी तिरकी निघाली पाहिजे; उभी ओढ बसली की पिशवी उपसून येते. दार दक्षिणेकडे ठेवा. पालापा, म्हणजे झावळ्यांचा मांडव, मिळाला तर त्याच्या आडोशाला उतरा.

*

जागा निवडताना वाळलेल्या शेवाळाची सगळ्यात वरची रेघ शोधा आणि तिच्याही वर राहा. रेकेसोनला बेटाकडे जाणारा वाळूचा दांडा भरतीत बुडतो. अमावास्या-पौर्णिमेला जास्त जपा.

*

या पुळणींवर गोडं पाणी नाही. मुलेहेला 'पुरिफिकादोरा'त, म्हणजे शुद्ध पाण्याच्या दुकानात, २० लिटरचा 'गर्राफोन' (पाण्याचा मोठा कॅन) भरून मिळतो. पिण्याला आणि स्वयंपाकाला माणशी रोज ५ लिटर धरा, म्हणजे दोघांना चार दिवसांत दोन गर्राफोन. भांडी समुद्राच्या पाण्याने घासून शेवटी गोड्या पाण्याचा हात फिरवा. कुकर न्याच, पाणी आणि गॅस दोन्ही वाचतात. कांदे, टोमॅटो, मिरच्या, कोथिंबीर वाटेत मिळतात. तूरडाळ घरून न्या. लिंबं मात्र वाटेतलं ग्वेरेरो नेग्रो गाव ओलांडल्यावर घ्या, तिथल्या शेतमालाच्या तपासणीत काढून घेतात.

*

गाडीचं: उत्तरेकडून येताना एल रोसारियो गावात टाकी काठोकाठ भरा, पुढे ३०० किलोमीटरहून जास्त अंतर भरवशाचा पंप नाही. वाळूत उतरण्याआधी टायरची हवा हलक्या गाडीला २० पीएसआयपर्यंत कमी करा, भरलेल्या व्हॅनला जरा जास्त ठेवा. चाक जागीच फिरायला लागलं की लगेच थांबा, नाहीतर गाडी आसापर्यंत रुतते. डांबरी रस्त्यावर येताच हवा परत भरा. कमी हवेचा टायर वेगात तापून फाटतो. रात्री गाडी चालवू नका, रस्त्यावर गुरं बसलेली असतात.

*

भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा वैध व्हिसा असेल तर मेक्सिकोचा वेगळा लागत नाही. १८० दिवस ही कमाल मर्यादा आहे, हक्क नव्हे. अधिकाऱ्याने किती दिवस लिहिले ते खिडकीवरच वाचा. गाडीचा तात्पुरता आयात परवाना बाहात लागत नाही, पण बाहातल्या ला पास शहरातून फेरीने मुख्य भूमीवरच्या मासात्लानला न्यायची तर लागतो. विमा मेक्सिकोत चालणारा वेगळा घ्या.

*

पाकटाबद्दल, म्हणजे शेपटीत विषारी काटा असलेल्या चपट्या माशाबद्दल, कुणी लिहिलं नाही. ती उथळ पाण्यात वाळूखाली दडून असतात, म्हणून पाय न उचलता घासत चाला. काटा लागलाच तर पाऊल ३० ते ९० मिनिटं सोसवेल इतक्या गरम पाण्यात ठेवा, पण ४५ अंशांच्या वर नको. उष्णतेने कळ उतरते. पाणी दुसऱ्या माणसाने हाताने तपासावं. जखमी पायाला चटक्याचा अंदाज येत नाही. काट्याचा तुकडा आत राहिला असेल, किंवा काटा पोटात-छातीत घुसला असेल, तर तो न उपटता थेट दवाखाना गाठा.