मदत हवी आहे: एसएनआर वाढवूनही एससीएमएच्या चुका एका पातळीखाली जात नाहीत

नमस्कार मंडळी,

असंख्य सेन्सर अधूनमधून छोटी पॅकेट्स पाठवतात, अशा अपलिंकचं (डिव्हाइसकडून बेस स्टेशनकडे) सिम्युलेशन करतोय. पद्धत एससीएमए, म्हणजे अनेक डिव्हाइसनी तेच सबकॅरियर (फ्रिक्वेन्सीचे छोटे पट्टे) वाटून वापरायचे; एसएनआर म्हणजे सिग्नल आणि नॉइजचं गुणोत्तर. 4 सबकॅरियरवर 6 डिव्हाइस, प्रत्येकाचा सिग्नल फक्त 2 सबकॅरियरवर. म्हणजे एका सबकॅरियरवर तिघांची सरमिसळ. प्रत्येकाचं कोडबुक (पाठवता येणाऱ्या सिग्नलांचा संच) 4 बिंदूंचं, त्यामुळे एमपीए (ही सरमिसळ फेऱ्याफेऱ्यांनी सोडवणारा अल्गोरिदम) दर सबकॅरियरला 64 शक्यता तपासतो. (16 बिंदू घेतले की थेट 4096, तो नाद सोडला.) पुढे एलडीपीसी हा चुका दुरुस्त करणारा कोड.

सहाही डिव्हाइस कायम चालू ठेवली की चुकांचा आलेख छान खाली उतरतो. पण प्रत्यक्षात कोण कधी बोलेल याचा नेम नाही, आणि दर वेळी बेस स्टेशनची परवानगी मागायची तर डेटापेक्षा सिग्नलिंगच जड होतं. म्हणून परवानगीविना पाठवणं ठेवलंय: प्रीअँबलवरून (पॅकेटच्या सुरुवातीची ठरलेली खूण) चालू डिव्हाइस ओळखायची, तेवढीच एमपीएत घ्यायची. इथेच घोडं अडलंय. एसएनआर कितीही वाढवा, एरर फ्लोअर (चुकांची ती किमान पातळी) हलत नाही. एमपीएच्या फेऱ्या वाढवल्या, मॅक्स-लॉग या सोप्या अंदाजाऐवजी पूर्ण गणित लावलं, फरक जेमतेम.

कोडबुकात 'शून्य' हा पाचवा बिंदू घालून निर्णय एमपीएवरच सोडावा का? 64 चे 125 होतील, ते चालेल.

प्रतिसाद

फेऱ्यांच्या मागे लागू नका. आधी डिकोडरला चालू डिव्हाइसची खरी यादी देऊन बघा. फ्लोअर गेला तर दोष ओळखण्यात आहे. चालू डिव्हाइस यादीतून सुटलं की त्याचा सिग्नल बाकीच्यांसाठी निव्वळ व्यत्यय, आणि एसएनआरसोबत तोही वाढतो. उलट बंद डिव्हाइस चुकून यादीत आलं, तर त्याचा अंदाजलेला चॅनल (वाटेत सिग्नलमध्ये होणारा बदल) मुळात शून्याजवळ असतो आणि त्याचं पॅकेट सीआरसीत (पॅकेट बरोबर आलं का ही तपासणी) गळतं. दोन्ही चुकांची किंमत सारखी नाही, तेव्हा डिव्हाइस चालू मानण्याचा थ्रेशोल्ड बिनधास्त खाली आणा.

शून्याचा बिंदू उपयोगी आहे, पण सिम्बॉलगणिक (पॅकेटच्या एकेका तुकड्यावर) निर्णय घेऊ नका. डिव्हाइस अख्खं पॅकेट पाठवतं किंवा काहीच नाही. पुरावा पॅकेटभर गोळा करून मग ठरवा.

मूळ प्रश्नकर्ता

खरी यादी दिल्यावर फ्लोअर गेला! थ्रेशोल्ड उतरवल्यावरही बराच खाली आलाय. उरलेला बहुधा चॅनल अंदाजाचा, कारण माझे प्रीअँबल एकमेकांना लंब नाहीत, म्हणजे पूर्ण वेगळे करता येत नाहीत. लांबी वाढवली तर छोट्या पॅकेटचा फायदाच जातो. यशस्वी डिकोड झालेला डेटाच पायलट (आधीच माहीत असलेला संदर्भ सिग्नल) म्हणून वापरून चॅनल पुन्हा काढणं कोणी केलंय का?